युरोचे पेमेंट दोन महिन्यांनी येणार, तर चार्ट कोणत्या टाइमफ्रेमचा पाहावा?

द्राक्षबाग
नमस्कार मंडळी. नाशिकहून नेदरलँड्सला द्राक्षे जातात, बिल युरोत. न्हावा शेवाहून कंटेनर निघाल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत ६० ते ६५ दिवस जातात. सध्याचे बिल ४०,००० युरोचे आहे. ते एनएसईवर (नॅशनल स्टॉक एक्स्चेंज) युरो-रुपया वायद्यात (पुढच्या तारखेच्या सौद्यात) विकून हेज करायचे, म्हणजे दर बदलण्याची जोखीम झाकायची, ठरते आहे. १,००० युरोचा एक लॉट, म्हणजे ४० लॉट.

अडचण चार्टची आहे. १५ मिनिटांच्या चार्टवर (म्हणजे एकेक कँडल, भावाचा उभा ठोकळा, १५ मिनिटांची) विक्रीचा इशारा दिसतो, तासाच्या चार्टवर खरेदीचा आणि दैनिक चार्टवर काहीच नाही. अशा वेळी कोणाचे ऐकायचे? आणि टाइमफ्रेम निवडायचा काही नियम आहे की ज्याची त्याची आवड?

वायदेबाज
१५ मिनिटे. दिवसाला ३२ कँडल मिळतात, वळण लवकर कळते. दैनिक चार्टवर इशारा येईपर्यंत ५०-६० पैसे निघून गेलेले असतात.

मुळामुठा
दैनिक आणि साप्ताहिक. पैसे ६० दिवसांनी येणार असतील तर १५ मिनिटांचा चार्ट कशाला हवा?

खडूफळा
आवडीवर सोडायची गोष्ट नाही ही, आकडेमोड करता येते. समजा युरो-रुपयाचा दैनिक एटीआर (दिवसाचा सरासरी चढउतार) ६० पैसे आहे. (तुमचा आकडा चार्टवर १४ दिवसांचा एटीआर लावून काढा, हा फक्त हिशेबासाठी.) चढउतार ढोबळमानाने वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वेळ चौपट केली की कँडलची उंची दुप्पट.

एक्स्चेंजचा दिवस ९ ते ५, म्हणजे ४८० मिनिटे. त्यात तासाच्या ८ कँडल बसतात. ६० ला ८ च्या वर्गमुळाने भागले की तासाची कँडल सरासरी २१ पैशांची येते. १५ मिनिटांच्या ३२ कँडल, प्रत्येकी साडेदहा पैसे. ५ मिनिटांच्या ९६ कँडल, प्रत्येकी ६ पैसे.

आता उलट्या बाजूने पाहा. ६३ दिवसांत बाजाराचे ४५ दिवस धरा. ६० गुणिले ४५ चे वर्गमूळ, म्हणजे ४०२ पैसे. जवळजवळ चार रुपये.

४० लॉटवर एक पैसा म्हणजे ४०० रुपये. १५ मिनिटांच्या एका कँडलचे भांडण ४,२०० रुपयांचे आणि हेजच नसेल तर पेमेंट येईपर्यंतची जोखीम १,६०,००० रुपयांची. ज्या चार्टवर ते चार रुपये दिसतात तो तुमचा चार्ट.

मुळामुठा
वर्गमुळाने माझे काम केले. अनुमोदन.

स्नेहल_झुरिक
खडूफळा सर, हिशेब उत्तम, पण युरो-रुपयाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. दैनिक एटीआरमध्ये रात्रीचा गॅपही (कालचा बंद भाव आणि आजचा उघडण्याचा भाव यांतली उडी) मोजलेला असतो आणि या जोडीत बरीच हालचाल भारतातला बाजार बंद असतानाच होते. लंडन-न्यूयॉर्क दोन्ही चालू असतात तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळ ते रात्र असते. त्यामुळे ९ ते ५ मधली तासाची कँडल २१ पैशांपेक्षा लहान निघेल आणि सकाळी ९ चा गॅप मोठा.

वेळा लिहून ठेवण्यासारख्या आहेत. युरोपीय सेंट्रल बँकेचा व्याजदराचा निर्णय २०२२ च्या जुलैपासून फ्रँकफर्टच्या वेळेने सव्वादोनला येतो. भारतात उन्हाळी वेळेत ५:४५, हिवाळ्यात ६:४५. अमेरिकेची महागाई आणि नोकऱ्यांची आकडेवारी उन्हाळी वेळेत ६ वाजता, हिवाळ्यात ७ ला. फेडचा (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) निर्णय रात्री ११:३० किंवा १२:३०. यातले एकही ५ च्या आत नाही. म्हणजे एनएसईच्या युरो-रुपया चार्टवर १५ मिनिटांची अशी एकही कँडल सापडणार नाही जिच्यात युरोपीय बँकेचा निर्णय पडलेला आहे. तो दिसतो फक्त दुसऱ्या दिवशीच्या गॅपमध्ये.

पौंडाचे निराळेच. बँक ऑफ इंग्लंड लंडनला दुपारी १२ वाजता निर्णय देते, म्हणजे उन्हाळी वेळेत तुमच्याकडे ४:३०, बाजार चालू. हिवाळ्यात ५:३०, बाजार बंद. तोच १५ मिनिटांचा चार्ट अर्धे वर्ष हा निर्णय दाखवतो, अर्धे वर्ष दाखवत नाही.

खडूफळा
स्नेहलताई, दुरुस्ती मान्य. मग दोन भाग वेगळे मोजावेत. दिवसाचा उच्चांक वजा नीचांक हा एक, कालच्या बंदपासून आजच्या उघडण्यापर्यंतचा गॅप हा दुसरा. दोन्हींची २० दिवसांची सरासरी काढायची. गॅपची सरासरी दिवसाच्या पल्ल्याच्या निम्म्याहून जास्त आली, तर ५ मिनिटे, १५ मिनिटे या टाइमफ्रेमवर स्टॉप (ठरलेल्या तोट्यावर सौदा बंद करणारी ऑर्डर) लावून पोझिशन रात्रभर ठेवण्यात अर्थ नाही. १० पैशांचा स्टॉप ३० पैशांच्या गॅपखाली जातो आणि भाव मिळतो तो उघडण्याचा.

वायदेबाज
हे डॉलर-रुपयाला लागू नाही. तिथे १५ मिनिटे बरी चालतात.

स्नेहल_झुरिक
डॉलर-रुपयात गॅप लहान असतो, खरे आहे. पण तिथे रिझर्व्ह बँक आहे. २०२३ च्या शेवटच्या काही महिन्यांत डॉलर ८३ ते ८३.४० च्या आसपास खिळून होता. दिवसाचा पल्ला पाच-सात पैसे असेल तर १५ मिनिटांची कँडल एका पैशाच्या मागेपुढे. टिक (भावाचे सर्वात लहान पाऊल) पाव पैशाची, म्हणजे अख्खी कँडल चार-पाच टिकची. तिच्यावर कुठलाही इंडिकेटर लावला तरी तो गोंगाटच मोजतो. याउलट फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉलर एका दिवशी ८८ च्या तोंडाशी होता आणि दुसऱ्या दिवशी ८७ च्या खाली. तेव्हा १५ मिनिटांचा चार्ट वाचता येत होता, पण त्यावर आधी बसवलेले स्टॉप लहान पडत होते. म्हणून टाइमफ्रेम एकदा ठरवून कायमची चिकटवून ठेवू नये. महिन्यातून एकदा एटीआर पाहून तपासावी.

घाटावरची_मैना
वाचते आहे. एक शंका: ७५ मिनिटांचा चार्ट बरेच जण वापरतात, तो इथे कसा?

इचलकरंजीचा_माग
माहेरची सवय सासरी आणल्यासारखे आहे ते. शेअरबाजार ९:१५ ते ३:३०, म्हणजे ३७५ मिनिटे. त्याचे ७५ चे बरोबर पाच भाग पडतात, म्हणून तिथे तो रूढ झाला. चलन वायद्यात ४८० मिनिटे. ७५ ने भागले की सहा पूर्ण कँडल आणि वर उरतात ३० मिनिटे. कँडल सुरू होतात ९:००, १०:१५, ११:३०, १२:४५, २:००, ३:१५ आणि शेवटची ४:३० ला, ती पाचला अर्धवट बंद. ही अपुरी कँडल रोज मूव्हिंग ॲव्हरेजमध्ये (फिरत्या सरासरीत) पूर्ण कँडलच्या वजनाने धरली जाते. एटीआर खोटा लहान येतो, तेवढाच स्टॉपही लहान लागतो.

४८० ला नि:शेष भाग जाणारे आकडे घ्या: १५, ३०, ६०, १२०, २४०. चार तासांच्या चार्टवर दिवसाच्या दोनच कँडल, ९ ते १ आणि १ ते ५. हा माझ्या मते फार कामाचा चार्ट आहे, कारण पहिल्या कँडलमध्ये रात्रीचा गॅप पचतो आणि फिक्सिंगही होते, दुसरीत युरोपचा बाजार उघडल्यानंतरची हालचाल येते.

घाटावरची_मैना
फिक्सिंग म्हणजे?

इचलकरंजीचा_माग
एफबीआयएलचा (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) संदर्भ दर. सकाळी ११:३० ते १२:३० या तासातली १५ मिनिटे यादृच्छिक निवडतात, त्या वेळच्या सौद्यांवरून दर ठरतो. वायद्याची अखेरची सेटलमेंट याच दराने होते. एक्स्पायरी (वायदा संपण्याची वेळ) महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन दिवस आधी, दुपारी १२:३० ला. त्या दिवशी ११:३० ते १२:३० मधल्या १५ मिनिटांच्या कँडलवरून काहीही अर्थ काढू नये. लोक दर पकडायला घेत-विकत असतात, दिशा म्हणून नव्हे.

आणखी एक. इंटरबँक (बँकांचा आपसांतला) बाजार ३:३० ला मिटतो, एक्स्चेंज ५ पर्यंत चालते. तासाच्या चार्टवर ३ ते ४ ची कँडल अर्धी भरलेली आणि ४ ते ५ ची विरळ. शेवटच्या तासातला ब्रेकआउट (भावाने जुनी पातळी ओलांडणे) पाहून उडी मारू नये. दुसऱ्या दिवशी १० वाजता बंद होणाऱ्या कँडलने त्याला दुजोरा दिला तरच तो खरा.

मुळामुठा
याला जोडून: दैनिक कँडलचा बंद भाव आणि एक्स्चेंजचा रोजचा सेटलमेंट भाव एक नसतात. सेटलमेंट शेवटच्या अर्ध्या तासाच्या भारित सरासरीने होते. खात्यात रोज वळते होणारे पैसे सेटलमेंट भावाने मोजा, चार्टच्या बंद भावाने मोजलेत तर हिशेब जुळणार नाही.

पेठेतला_वाणी
खर्चाचे कोणीच बोलत नाही. टाइमफ्रेमची खालची मर्यादा खर्चच ठरवतो.

ब्रोकरेज प्रत्येक ऑर्डरला २० रुपये धरा. घेणे-विकणे मिळून ४०, वर १८ टक्के जीएसटी, झाले ४७ रुपये २० पैसे. एका लॉटवर एक पैसा म्हणजे १० रुपये. म्हणजे एकच लॉट केला तर ४.७२ पैसे नुसते ब्रोकरेजमध्ये गेले. ५ मिनिटांच्या ६ पैशांच्या कँडलमधून ते काढायचे कसे? तेच ४० लॉट एका ऑर्डरमध्ये केले तर ब्रोकरेज लॉटमागे ०.१२ पैसे, नगण्य.

पण मग दुसरा खर्च पुढे येतो, बिड (घेणाऱ्याचा भाव) आणि आस्क (विकणाऱ्याचा भाव) यांमधली फट. युरो-रुपयात ती डॉलर-रुपयापेक्षा रुंद असते. ५ पैशांची फट असली तर १५ मिनिटांच्या साडेदहा पैशांच्या कँडलचा निम्मा भाग गिळते, ६० पैशांच्या दैनिक कँडलचा बारावा हिस्सा. माझा नियम असा: ब्रोकरेज आणि फट मिळून होणारा खर्च कँडलच्या सरासरी उंचीच्या दहा टक्क्यांच्या आत बसेल तीच टाइमफ्रेम निवडा. ५.१२ पैसे खर्चाला कँडल ५१ पैशांहून मोठी हवी. म्हणजे युरो-रुपयाला दैनिकच.

वायदेबाज
दहा टक्के फार कडक आहे. वीस टक्के चालतात.

पेठेतला_वाणी
वीस धरा. मग २५ पैशांहून मोठी कँडल हवी. तासाची २१ तरीही नापास होते, चार तासांची पास होते. १५ मिनिटांना मुभा मिळत नाही.

कोकणकडा
माझ्याकडे परदेशी ॲप आहे, त्यात युरो-डॉलर १ मिनिटाच्या चार्टवर करता येते, फट फक्त अर्ध्या पिपची (पिप म्हणजे ०.०००१). तिथे खालची मर्यादा राहतच नाही की.

मुळामुठा
कोकणकडा, ते ॲप आधी बंद करा आणि खात्यातले पैसे काढून घ्या. भारतात राहणाऱ्या माणसाला फक्त अधिकृत व्यक्तींकडे आणि मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर, परवानगी असलेल्या कारणांसाठीच चलनाचे सौदे करता येतात. परदेशी प्लॅटफॉर्मला मार्जिन (सौद्याची अनामत) पाठवणे उदारीकृत प्रेषण योजनेतही (परदेशी पैसे पाठवण्याची मुभा) बसत नाही, फेमाचा (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) भंग होतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा बेकायदा प्लॅटफॉर्मची सावधानता यादी काढली, नंतर तीत भर पडत गेली. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असेही नव्हे.

धागाकर्त्यांसाठीही महत्त्वाचे: रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले की एक्स्चेंजवरच्या रुपयाच्या जोड्यांमध्ये सौदा करायला खरे येणे किंवा देणे असले पाहिजे. अंमल ३ मे २०२४ पासून. १० कोटी डॉलरपर्यंत कागद आधी दाखवावे लागत नाहीत, पण मागितले तर असावे लागतात. आणि तेच बिल बँकेच्या फॉरवर्डमध्ये (बँकेशी पुढच्या तारखेचा दर आधीच ठरवून) हेज केलेले असेल तर इथे पुन्हा करता येत नाही. ४०,००० युरोचे बिल आहे, म्हणजे ४० लॉटच, ४५ नव्हेत.

या नियमानंतर एक्स्चेंजवरची उलाढाल खूप आटली. कमी टाइमफ्रेमचे चार्ट त्यामुळे आणखीनच तुटक झाले आहेत. लांबच्या महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ५ मिनिटांच्या कित्येक कँडल रिकाम्या दिसतील.

स्नेहल_झुरिक
कोकणकडांसाठी इथल्या गावची गोष्ट. १५ जानेवारी २०१५. स्विस नॅशनल बँकेने युरोमागे १.२० फ्रँकचा आधार काढून घेतला. इथे सकाळचे १०:३०, भारतात दुपारचे ३. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्या खाली. १ मिनिटाच्या चार्टवर ती एकच उभी रेघ होती आणि मधल्या भावांना सौदे झालेच नाहीत, त्यामुळे १.१९ वर लावलेले स्टॉप कितीतरी खाली निघाले. लहान टाइमफ्रेमने जोखीम लहान होते हा समज त्या रेघेत अनेकांच्या खात्यासकट गेला. जोखीम लॉटच्या संख्येने लहान होते.

खडूफळा
तेच आकड्यात. एका सौद्यात २,००० रुपये घालवायची तयारी. स्टॉप १० पैशांचा असेल तर लॉटमागे १०० रुपये, म्हणजे २० लॉट. स्टॉप ४० पैशांचा असेल तर लॉटमागे ४०० रुपये, म्हणजे ५ लॉट. कागदावर दोन्हींत जोखीम सारखीच. पण ५० पैशांचा गॅप आला तर पहिल्यात १०,००० जातात, दुसऱ्यात २,५००.

घाटावरची_मैना
मूळ प्रश्नातली गोष्ट राहिलीच: तीन चार्ट तीन गोष्टी सांगतात, तर काय करायचे?

इचलकरंजीचा_माग
बरोबर, तिकडे वळू. तीन चार्ट मत देत नसतात, तिघांची कामे वेगळी असतात. दोनच ठेवा. एक निर्णयाचा, एक अंमलबजावणीचा, दोघांत चार ते सहा पटींचे अंतर. साप्ताहिक आणि दैनिक (पाच पट) चालेल. दैनिक आणि दोन तास (चार पट) चालेल. १५ आणि ३० मिनिटे एकत्र ठेवून उपयोग नाही, दुप्पट अंतरात दोन्ही जवळजवळ तेच चित्र दाखवतात.

आता एक चूक, जी चार्टवर उघड दिसत नाही. दोन तासांचा चार्ट उघडा, त्यावर दैनिक २० दिवसांची सरासरी लावा आणि सकाळी ११ वाजता पाहा. ती रेघ आजच्या अपुऱ्या कँडलवर काढलेली असते. ११ ला भाव रेघेच्या खाली दिसतो, ४ ला वर. मागचा इतिहास पाहताना मात्र प्रत्येक दिवशी शेवटची, ५ वाजताची रेघ दिसते. त्यामुळे मागे पाहिले की सगळे इशारे अचूक वाटतात आणि प्रत्यक्षात सकाळी तसे काही दिसत नसते. उपाय: मोठ्या टाइमफ्रेमची फक्त कालपर्यंत बंद झालेली कँडल वापरायची. सेटिंगमध्ये कँडल बंद होईपर्यंत थांबायचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा.

मुळामुठा
साप्ताहिक चार्टवर दुसरा घोळ असतो, सलग जोडलेल्या वायद्याच्या चार्टचा. प्रत्येक एक्स्पायरीला चार्ट पुढच्या महिन्याच्या भावावर उडी मारतो. वर्षाला २ टक्के प्रीमियम (पुढच्या महिन्याच्या भावातली वाढ) आणि भाव १०० धरला तर महिन्याला १७ पैशांची पायरी, वर्षभरात दोन रुपये. साप्ताहिक चार्टवर एक्स्पायरीच्या आठवड्याची कँडल उगीच तेजीची दिसते. युरो महागलेला नसतो, महिना बदललेला असतो. साप्ताहिक आणि मासिकसाठी स्पॉटचा (आजच्या रोखीच्या भावाचा) चार्ट वापरा, सौद्याच्या भावासाठी चालू कॉन्ट्रॅक्टचा.

आणि युरो-रुपया ही दोन जोड्यांची गुणाकाराची जोडी आहे, युरो-डॉलर गुणिले डॉलर-रुपया. साप्ताहिकवर दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या की कळते, युरो वधारला की रुपया घसरला.

वायदेबाज
आता मान्य करतो, निर्णय १५ मिनिटांवर घेऊ नये. पण अंमलबजावणीला ती वापरावी याच्यावर ठाम आहे. ४० लॉट विकायचेच आहेत हे ठरल्यावर, ते फटीच्या कोणत्या बाजूला विकले जातात यावर ५ पैसे म्हणजे २,००० रुपये अवलंबून आहेत.

पेठेतला_वाणी
याला माझा विरोध नाही. तिथे १५ मिनिटे हा इशारा नसून घड्याळ आहे. ९ ते ९:१५ सोडून द्या, फट रुंद असते. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) अजिबात नको, लिमिट (ठरवलेल्या भावाची) टाका. ४० लॉट एकदम टाकू नका, १४, १३, १३ असे तीन भाग करा. ब्रोकरेज तिप्पट झाले तरी विक्रीच्या बाजूला जीएसटीसह ७१ रुपयेच. एका पैशाने भाव चांगला मिळाला की ४०० सुटले. ३:३० नंतर शिल्लक लॉट टाकत बसू नका, दुसऱ्या दिवशी टाका.

द्राक्षबाग
सर्वांचे मनापासून आभार, बरेच उलगडले. नीट समजले का सांगा. स्पॉटच्या साप्ताहिक चार्टवर कल पाहायचा, दैनिकवर कालच्या बंद कँडलपर्यंतच पाहून निर्णय घ्यायचा, आणि विकताना १५ मिनिटांवर लिमिट ऑर्डरी तीन भागांत. एकच शंका उरली: पेमेंट एप्रिलच्या मध्यावर येईल. आज फेब्रुवारी. एप्रिलचे कॉन्ट्रॅक्ट विकावे की चालू महिन्याचे?

मुळामुठा
समजले ते बरोबर. एप्रिलचे मिळाले तर उत्तम, पैसे आल्या दिवशी परत घेऊन टाकायचे, मध्ये रोलओव्हर (सौदा पुढच्या महिन्यात नेणे) नाही. पण फेब्रुवारीत एप्रिलच्या युरो-रुपयात बोली किती आहेत ते आधी पाहा. फट १० पैशांची असेल तर ४० लॉटवर ती ४,००० रुपयांची आहे.

इचलकरंजीचा_माग
फट फार रुंद दिसली तर मार्चचे विका आणि मार्चच्या एक्स्पायरीच्या तीन-चार दिवस आधी एप्रिलमध्ये न्या. त्याच दिवशी थांबू नका. आणि रोल करताना दोन्ही महिन्यांचे १५ मिनिटांचे चार्ट पाहत बसू नका, दोन्हींमधला फरक पाहा. मार्च १००.१० आणि एप्रिल १००.२७ असेल तर फरक १७ पैसे, तो तुमच्या बाजूचा, विकणाऱ्याला मिळतो. तो १२ वर आला असेल तर एक दिवस थांबा. आणि बँकेकडून त्याच तारखेचा फॉरवर्ड दर एकदा मागवा, शाखेतल्या फॉरेक्स डेस्कला फोन करून ११ च्या आधी. दोन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

द्राक्षबाग
उद्या सकाळी १० ला बँकेला फोन करतो. दोन्ही आकडे इथे टाकतो.